हळदीच्या कॅप्सूल, कावीळ आणि एक फॉर्म

गोव्यात पावसाळ्यात कुणाचे डोळे पिवळे दिसले की संशय आधी विहिरीच्या पाण्यावर जातो, मग उंदरांवर. माझ्या बाबतीतही तेच झालं. डिचोलीच्या लॅबमधून रिपोर्ट आला तेव्हा एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, नऊशेच्या घरात होतं आणि कावीळ दाखवणारं बिलिरुबिन सहाच्या वर. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हेपॅटायटिस ए, बी, सी, ई आणि लेप्टो (उंदरांमुळे पसरणारा ताप) अशा सगळ्या चाचण्या लिहून दिल्या. सगळ्या निगेटिव्ह आल्या. मग चिठ्ठी मिळाली पणजीच्या लिव्हरच्या डॉक्टरांची.

तोवर वाड्यावर बातमी पसरली होती. कावीळ हा आमच्याकडे डॉक्टरांपेक्षा शेजाऱ्यांचा आजार. शेजारच्या काकी भुईआवळी मुळासकट उपटून घेऊन आल्या. ‘बाय, रोस काडून घे गो,’ असं बजावूनच गेल्या. मी ती परसातल्या कुंडीत लावून टाकली.

पणजीच्या डॉक्टर वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी ‘औषधं कोणती घेता?’ असं विचारलंच नाही. म्हणाल्या, ‘बाई, घरात तोंडात टाकण्यासारखं जे जे बाटलीत, डबीत, पुडीत आहे, ते सगळं पिशवीत भरून आणा.’ औषध विचारलं की लोक थायरॉइडची गोळी सांगून मोकळे होतात. बाकीचं त्यांच्या लेखी औषधच नसतं, हा त्यांचा रोजचा अनुभव. यजमानांनी टेबलावर पिशवी रिकामी केली: थायरॉइडची गोळी, पॅरासिटामॉलची अर्धी स्ट्रिप, च्यवनप्राश, आणि गुडघ्यांसाठी भाच्याने दुबईहून आणलेल्या हळदीच्या कॅप्सूल. दारूचा प्रश्नही आला. नाही म्हटल्यावर त्यांनी यजमानांकडे बघून खात्री करून घेतली. गोव्यात हे करावंच लागत असणार.

बाकीचं बाजूला सारून त्यांनी कॅप्सूलची बाटली उचलली आणि चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के करक्युमिनॉइड्स, म्हणजे हळदीतलं करक्युमिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं, सोबत काळ्या मिरीचा अर्क. मी रोज दोन घेत होते. त्यांनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीमागे हिशेब मांडला. स्वयंपाकातल्या हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे दोन कॅप्सूलमधला ऐवज हळदीतून मिळवायचा तर दिवसाला तीस ग्रॅम, जवळजवळ दहा चमचे हळद खावी लागेल. त्यात मिरी. एरवी करक्युमिन आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पाइपरिन हे मिरीतलं द्रव्य दिलं, तर माणसाच्या शरीरात त्याची उपलब्धता वीसपट वाढते. कंपन्या मिरी घालतात ती याच कारणाने. पण जे रक्तात जास्त जातं ते यकृतातूनही जास्तच जातं, हे बाटलीवर कुठे छापत नाहीत.

‘म्हणजे हळदीनेच झालं?’ मी विचारलं. ‘तसं आत्ता म्हणता येणार नाही,’ त्या म्हणाल्या.

पुढचे सगळे आठवडे या एका वाक्यात गेले. सप्लिमेंटने यकृताला इजा झाली हे सांगणारी एकही रक्तचाचणी नाही. बाकीची कारणं एकेक करून खोडायची आणि उरेल त्यावर बोट ठेवायचं. विषाणू खोडले गेले. सोनोग्राफीत खडे नाहीत, पित्तनलिका मोकळी. मग एएनए, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडं, किंचित पॉझिटिव्ह आलं आणि ऑटोइम्यून हेपॅटायटिसची, म्हणजे प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याची, शंका निघाली. बायोप्सी करावी, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासावा, की थांबावं यावर दोन डॉक्टरांचं बोलणं माझ्यासमोरच झालं. हळदीच्या केसमध्येही एएनए असं वर येऊ शकतं, म्हणून आधी कॅप्सूल बंद करून बघू, असं ठरलं.

‘आणि औषध काय?’ यजमानांचा प्रश्न.

‘काही नाही. दर आठवड्याला रक्त, त्यात रक्त नीट गोठतं का ते दाखवणारं आयएनआर. झोप जास्त यायला लागली किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर रात्री-अपरात्रीही घेऊन यायचं.’

काही नाही, हे घरच्यांना सगळ्यात जड गेलं. सासूबाईंनी आमटीतली हळद बंद केली. नागपंचमीच्या पातोळ्या हळदीच्या पानात न करता केळीच्या पानात कराव्या का, यावर दोन दिवस खल चालला. शेवटी मी डॉक्टरांना फोन केला. जेवणातली हळद चालेल, पातोळ्या तर नक्कीच, पण ती किंवा तसली दुसरी कॅप्सूल आयुष्यात पुन्हा नको, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्यांदा इजा झाली तर ती लवकर आणि जास्त होऊ शकते.

त्याच फोनवर भुईआवळीचंही विचारून घेतलं. काकी रोज कुंडीकडे बघून जात होत्या. डॉक्टर हसल्या नाहीत, हे मला आवडलं. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये भुईआवळीवरचा अभ्यास छापला होता. हेपॅटायटिस बीचा विषाणू बाळगणाऱ्यांपैकी अर्क घेतलेल्या ३७ जणांतल्या २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. तुलनेसाठी औषध नसलेली नुसती पूड घेतलेल्या २३ जणांत एकाच्याच. केवढी मोठी बातमी! पण नंतर इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा तो परिणाम पुन्हा दिसला नाही. शिवाय माझी कावीळ बीची नव्हतीच. ‘आणि बाई, आत्ता रस घेतलात आणि आकडा खाली आला किंवा वर गेला, तर कुणाचं नाव घ्यायचं?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकींना मी हेच सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

आकडा उतरला. पहिल्याच आठवड्यात अर्ध्याच्या खाली, नंतर हळूहळू. खाज मात्र बरेच दिवस छळत राहिली. रात्री पंख्याखाली तळवे ओल्या फडक्यात गुंडाळून बसायचे. बायोप्सी टळली.

मग डॉक्टरांनी औषधानेच यकृताला इजा झाली असण्याची शक्यता मोजणारा ‘रुकाम’ नावाचा तक्ता भरला. सुरू केल्यापासून किती दिवसांनी झालं, बंद केल्यावर किती वेगाने उतरलं, दुसरी औषधं कोणती, दुसरी कारणं वगळली का, अशा प्रत्येक गोष्टीला गुण. माझे सात आले. ६ ते ८ म्हणजे ‘प्रोबेबल’. इतकं रक्त देऊन ‘बहुधा’ एवढंच हाती आलं म्हणून मी जरा खट्टू झाले. तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या जाळ्याने २०२२ मध्ये छापलेला अभ्यास दाखवला. हळदीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण अवघे दहा, त्यातली एक व्यक्ती दगावलेली. जनुकीय तपासणीत दहापैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा प्रतिकारशक्तीच्या जनुकाचा एकच प्रकार सापडला. म्हणजे लाखो लोक त्याच कॅप्सूल घेऊन ठणठणीत राहतात आणि एखाद्यालाच का बाधतं, याचा धागा हाती लागला तो दहा लोकांच्या नीट लिहून ठेवलेल्या नोंदींतून.

म्हणून फॉर्म भरला. देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमात रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो. फॉर्म मराठीतही आहे, टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. नाव पूर्ण लिहावं लागत नाही, आद्याक्षरं चालतात. वनस्पतीजन्य उत्पादनंही त्यात बसतात. नोंदी गाझियाबादला जमतात आणि तिथून स्वीडनमधल्या उपसाला इथल्या जागतिक साठ्यात जातात. बॅच नंबर बाटलीच्या बुडाशी होता, अर्धवट पुसलेला; यजमानांनी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून तो वाचला. भाच्याला बिलाचा फोटो पाठवायला सांगितलं. त्याला आधी वाटलं, आम्ही कंपनीवर केस करतोय.

महिन्याभराने त्या कार्यक्रमाच्या लोकांचा फोन आला. त्यांना कॅप्सूल बंद केल्यानंतरचे एसजीपीटीचे आकडे तारखांसकट हवे होते. ते मी वहीत उतरवून ठेवले होते, फोनवरच वाचून दाखवले.