पावशेराचं रिव्हॉल्वर

आमच्या बंदुकीच्या दुकानात रायफल म्हटलं की गिऱ्हाईक इशापूर धरूनच चालतं. बंगालात हुगळीच्या काठी १९०४ मध्ये उभा राहिलेला हा सरकारी रायफल कारखाना. तिथली पॉइंट तीनशे पंधरा इंच मापाची रायफल आमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या घरात असते, पिकावर येणाऱ्या रानडुकरांसाठी. मूळ घडण जुन्या ब्रिटिश एनफिल्ड रायफलीची. चिखलात पडली तरी पुसून पुन्हा कामाला लागते. अशा कितीतरी रायफली मी उघडून बसवल्यात, आणि तिच्या बोल्टबद्दल, म्हणजे गोळी नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याबद्दल, मला मनापासून आदर आहे.

या कारखान्याने ‘निडर’ नावाचं पॉइंट बावीसचं रिव्हॉल्वर काढलं. त्याचा पहिला नग आमच्याकडे आला, त्याच आठवड्यात एक डॉक्टरबाई नवा परवाना घेऊन आल्या. दवाखाना खेड्यात, रात्री परतायचा रस्ता सुनसान. मी आधी कानपूरचं पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्वर पुढे ठेवलं. २०१४ मध्ये आलेल्या ‘निर्भीक’चंही सांगितलं, ५२५ ग्रॅमचं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. मग निडर काढलं. आठ गोळ्या, वजन पाव किलो, किंमत पस्तीस हजारांच्या आसपास.

बाकड्यावर जुन्नरकडचे आप्पा बसले होते. त्यांची रायफल माझ्यापुढे उघडी पडलेली. ते म्हणाले, “रायफलवाल्यानं रायफल करावी. लोहारानं नथ घडवायला जाऊ नये.”

अर्धं मला पटत होतं. रायफलीत गोळीचं घर नळीतच कोरलेलं असतं. गोळी सुटते ती थेट नळीत. रिव्हॉल्वरमध्ये घरं फिरत्या सिलिंडरमध्ये, नळी वेगळी, आणि दर गोळीला नवी सोयरीक जुळवायची. उत्तम नळी करणाऱ्याला हे आपोआप येत नाही. म्हणून नाव कितीही मोठं असो, मी नग हातात घेऊन तपासतो. आधी बाईंना पॉइंट बत्तीसवर दाखवलं. रिकामं केलं, दोनदा पाहिलं, घोडा अंगठ्याने सावकाश मागे आणला. घोडा पुरता चढायच्या आत सिलिंडर ‘टक्’ करून जागेवर बसला पाहिजे. मग नळी आणि सिलिंडरमधली फट उजेडासमोर धरायची, सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. हीच परीक्षा निडरच्या आठही घरांची घेतली. आठही घरं बरोबर बसत होती. आप्पा उठून जवळ आले.

पण माझी खरी अडचण कारागिरीची नव्हती, काडतुसाची होती. बाईंना मी स्पष्ट सांगितलं, “मॅडम, अंगावर येणाऱ्या माणसाला थोपवायला बावीसची गोळी कमी पडते. शिवाय तिची दारू पेटते ती तळाच्या कडेवर घाव बसून, बत्तीससारखी मधल्या टोपीवर नाही. त्यामुळे एखादं काडतूस फुसकं निघण्याची शक्यताही जास्त. तसं झालं तर रिव्हॉल्वरचा फायदा एवढाच की थांबायचं नाही, पुढचं घर आणायचं.”

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, रोज पर्समध्ये कुठलं राहील?”

त्या प्रश्नावर मी भिंतीवरचं कालनिर्णय दाखवलं. रिकामं बत्तीस त्यांच्या हातात दिलं आणि एक तारीख नेमून दिली, ती धरून शंभर आकडे मोजायला सांगितलं. साठाच्या पुढे मनगट कापायला लागलं, नळी घसरत खालच्या आठवड्यावर आली. थोडा वेळ बसवलं, पाणी दिलं. मग निडर. शंभर झाले, तरी नळी त्याच तारखेवर. मी पुढे वाद घातला नाही. जे हातात ठरत नाही आणि घरी कपाटात राहतं, त्याची मोठी गोळी त्या रस्त्यावर कामाची नाही, हे मला तेव्हा समोर दिसलं. आजही त्या बाईंसाठी मी तेच देईन. मनगटात बळ असलेल्याला मात्र बत्तीसच देईन.

पुढे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री रिपीटिंग आर्म्सने पंचवीसेक वर्षं हाताने लिव्हर ओढून गोळी भरायच्या रायफली केल्यावर पहिलं रिव्हॉल्वर काढलं. ‘बिग बॉय’, पॉइंट तीनशे सत्तावन मॅग्नमचं, सहा गोळ्यांचं, रायफलीसारखंच पितळ मिरवणारं. तिथेही लोक नावावरूनच भांडताना वाचले आणि आप्पांचा लोहार आठवला. चापावर बोट न ठेवता दिलेलं मत, बाजूने असो की विरोधात, मला धरवत नाही.

त्या दिवशी परवान्यावर नोंद करताना मी नगाचा नंबर मोठ्याने वाचला, बाईंनी ताडून पाहिला. आप्पांनी निडर मागून घेतलं, तळहातावर तोललं. “पावशेर आहे की हो!” मग बराच वेळ ते उलटसुलट करून पाहत राहिले, आपल्या रायफलीच्या बोल्टशेजारी ठेवलं.

“ताई,” परत देताना म्हणाले, “आधी रेंजवर जाऊन पन्नास बार काढा. मग पर्समध्ये ठेवा.”

मी पावतीच्या मागे रायफल क्लबचा पत्ता लिहून दिला आणि बावीसच्या काडतुसांची डबी काउंटरवर ठेवली.