तीन पीस कुठे जातात?

"साहेब, माझे तीन पीस रोज कुठे जातात?" पहिल्या शिफ्टच्या ऑपरेटरने विचारलं, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. भोसरीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये नुकतंच मशिनवरून ओईई, म्हणजे मशिनची एकूण कार्यक्षमता, मोजायला घेतलं होतं: उपलब्धता, वेग आणि चांगल्या पीसचं प्रमाण, तिन्हींचा गुणाकार. त्याच्या वहीत जेवढे पीस, त्यापेक्षा स्क्रीनवर तीन कमी. मला वाटलं, वहीच चुकत असणार.

मग एक दिवस सहा नंबरच्या व्हीएमसीचा (धातू कापणाऱ्या उभ्या मशिनचा) परफॉर्मन्स, म्हणजे वेगाचा आकडा, 117 टक्के आला. मालक खूश! पण 2 मिनिटांच्या सायकलला मशिन 2 मिनिटंच घेणार, त्याहून वेगाने पळणार कसं?

मोबाइल हातात धरून एकेका मशिनसमोर उभा राहिलो आणि पॅनेलवरची वेळ लिहून काढली. त्या ऑपरेटरचं मशिन, चार नंबर, 7 मिनिटं पुढे. म्हणजे खऱ्या 2:53 लाच त्याचे तीन वाजायचे आणि शेवटचे तीन पीस दुसऱ्या शिफ्टच्या खात्यात जायचे. दुसऱ्या शिफ्टचेही रात्री अकराच्या पुढे पडून गायब व्हायचे, पण पहिल्याचे तीन आल्यामुळे त्यांचा हिशेब बरोबर! म्हणून तक्रार फक्त एकाच माणसाची.

सहा नंबरचं दुखणं वेगळं. पीसचा आकडा मशिनच्या कंट्रोलरकडून यायचा, तर 'मशिन बंद' हा सिग्नल मशिनवरच्या टॉवर लॅम्पवरून (लाल-हिरव्या दिव्यांवरून) गेटवेकडे, म्हणजे सिग्नल गोळा करणाऱ्या डबीकडे. गेटवेची वेळ यूटीसीत, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, आणि रिपोर्टमध्ये साडेपाच तास मिळवायचे राहून गेलेले. दुपारी 4:30 ते 6 टूल चेंजर (हत्यार बदलणारा भाग) अडकला होता, तो रिपोर्टमध्ये सकाळी 11 ते 12:30 अडकलेला दिसत होता. पहिल्या शिफ्टच्या 450 मिनिटांतून फुकट 90 गेली. 210 पीस, म्हणजे 420 मिनिटांचं काम, 360 मिनिटांत झाल्यासारखं दिसलं. खरा आकडा 93.

गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, मशिन्स थंड. ऑफिसातला एक पीसी एनटीपी सर्व्हर, म्हणजे बाकीच्यांना वेळ पुरवणारा, केला आणि नेटवर्कवरची सगळी घड्याळं त्याच्याशी बांधली. चार नंबर जुनं, त्याला नेटवर्कच नाही. त्याच्या घड्याळाचा नाद सोडला, सायकल संपल्याचा सिग्नल रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) गेटवेला दिला आणि वेळेचा शिक्का तिथेच मारायचा ठरवला.

शुक्रवारी सकाळी पुन्हा घोळ. गेटवे म्हणून लावलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नव्हतं, त्यामुळे मेन स्विच टाकल्यावर तो आदल्या दिवशी बंद केला त्याच वेळेपासून पुढे मोजू लागला. आता पीसीशी वेळ जुळेपर्यंत तो वेळेची नोंदच घेत नाही, नुसते पीस मोजत बसतो.

शनिवारी तीन वाजता तो ऑपरेटर वही घेऊन आला. वहीत 204, स्क्रीनवर 204. "मग आधीच्या तीन आठवड्यांचे?" त्याने विचारलं. ते मी हाताने दुरुस्त करून दिले.