तुम्ही विचारलंत म्हणून: मालगाडीला कंपाउंड कशाला?

"फ्रेंचांनी मालगाडीसाठी एवढी भानगडीची, कंपाउंड वाफेची इंजिनं का बनवली? शेवटी युद्धानंतर अमेरिकेची साधी 141 आर इंजिनं आणून काम भागलंच ना?" हे इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकतो.

कंपाउंड म्हणजे तीच वाफ दोनदा वापरायची, आधी छोट्या हाय प्रेशर सिलिंडरात आणि मग मोठ्या लो प्रेशर सिलिंडरात, म्हणजे कोळसा वाचतो. हे तुम्हाला माहितीये, ते सोडतो. पण 'हौस होती त्यांना' हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. फ्रान्सला घरचा कोळसा पुरत नव्हता, बाहेरून आणावा लागायचा. 1905 मध्ये इंजिनिअर द्यु बूस्केने उत्तर फ्रान्सच्या नॉर्ड रेल्वेसाठी चाकांच्या दोन वळत्या सांगाड्यांवर चालणारं कंपाउंड काढलं ते कोळशाच्या गाड्या ओढायला. पीएलएम (पॅरिस-लिऑन-भूमध्य) रेल्वेची 151 ए, 1932 ची, ले लोम ते दिजाँच्या चढासाठी. नॉर्डवरचा इंजिनिअर द कासो याच्या डिझाइनवरून एसएनसीएफने, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय रेल्वेने, पुढे 150 पी जातीची 115 इंजिनं बांधली. हौसेसाठी कोण एवढं करतं?

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो वजनदार आहे. मालगाडी हळू चालते, वाफ सिलिंडरच्या भिंतीला जास्त वेळ लागून राहते, मोठ्या लो प्रेशर सिलिंडरात तिचं पाणी व्हायला लागतं आणि कंपाउंडची बचत तिथेच गळून जाते.

फ्रेंच इंजिनिअर आंद्रे शापलाँने नेमकं हेच धरलं. पॅरिस-ऑर्लेआँ रेल्वेचं 6000 मालिकेतलं जुनं पाच जोडचाकांचं (एकमेकांना जोडून फिरणाऱ्या चाकांच्या पाच जोड्यांचं) इंजिन घेतलं, लांब करून सहावी जोडी घातली, सहा सिलिंडर बसवले, दोन हाय प्रेशर आणि चार लो प्रेशर. सिलिंडरभोवती वाफेचं जॅकेट, म्हणजे भिंतच गार पडू नये. आणि हाय प्रेशरमधून निघालेली वाफ लो प्रेशरमध्ये जायच्या आधी परत तापवायची. या इंजिनाचं नाव 160 ए 1. ते तयार झालं 1940 मध्ये. फ्रान्स पडलं त्याच वर्षी! नीट चाचण्या व्हायला 1948 उजाडलं, आणि त्यात दिसलं की वेग कमी केला तरी कार्यक्षमता ढासळत नाही. म्हणजे जो आक्षेप तुम्ही मला आजही ऐकवता त्याचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं, मोजून मिळालं होतं. पण तोवर 141 आर जातीची 1,323 इंजिनं फ्रान्सच्या रुळांवर आली होती. 1954 मध्ये तर उत्तरेकडच्या वालेन्सियेन-तिओंव्हिलसारख्या कोळसा-लोखंडाच्या लाइनवर वीज येऊ लागली, आणि 1955 मध्ये 160 ए 1 भंगारात. एकच नग होता. हे वाचताना मला अजून त्रास होतो, लपवत नाही.

पूर्वीचा मी इथे म्हणायचा, एसएनसीएफने घात केला. त्याला आज विचारावंसं वाटतं, युद्ध संपल्यावर शेडमध्ये काय होतं बाबा? कंपाउंडला एका इंजिनावर ड्रायव्हर-फायरमनची एकच ठरलेली जोडी अशी पद्धत लागायची, ड्रायव्हरला हाय आणि लो प्रेशरचे दोन्ही कटऑफ (सिलिंडरात वाफ कधी तोडायची ते) आपल्या हाताने जमवता यायला हवेत, आतले सिलिंडर दुरुस्त करायला मेकॅनिक हवा. 141 आर वर येईल तो ड्रायव्हर बसायचा आणि ती चालायची. कोळसा जास्त खायची, पण बंद पडून उभी राहायची नाही. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही.

पण मग तो पूर्वीचा मीही गप्प बसत नाही. एसएनसीएफची 141 पी पण कंपाउंडच, 318 बांधल्या, 1952 पर्यंत बांधत होते, म्हणजे सगळ्याच शेडना कंपाउंड झेपत नव्हतं असं तरी कसं म्हणायचं? त्यातली एकही आज शिल्लक नाही. 141 आर मात्र बारा जपल्यात. युद्धानंतर शापलाँने मालगाडीसाठी पाच जोडचाकांचं, तीन सिलिंडरचं कंपाउंड आखलं होतं, कमी सिलिंडर, कमी कटकट. ते कागदावरच राहिलं. ते शेडवाल्यांना झेपलं असतं का, हे मी आणि तो अजून भांडतोय.