युरोपचे प्रदेश मोजताना: सूत्राआधीची कामं

युरोपातल्या प्रदेशांची धक्क्यातून सावरण्याची क्षमता, त्यांच्यातली विषमता आणि त्यांची स्पर्धात्मकता मोजायला घेतली, तेव्हा पहिला आराखडा सोपा होता. दरडोई जीडीपीचा एक तक्ता उतरवायचा आणि त्यावर तीन सूत्रं चालवायची. तो मी लवकरच सोडला. तिन्ही प्रश्नांना वेगवेगळे आकडे लागतात, आणि बहुतेक चुका सूत्राच्या आधीच झालेल्या असतात: प्रदेशांच्या यादीत आणि भागाकाराच्या छेदात.

यादीपासून सुरुवात करतो. युरोस्टॅट, म्हणजे युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय, प्रत्येक देशाचे प्रदेश ‘नट्स’ नावाच्या तीन पातळ्यांच्या वर्गीकरणात मांडतं. दुसऱ्या पातळीचा प्रदेश साधारण ८ लाख ते ३० लाख लोकसंख्येचा असावा, असा दंडक आहे. २०२१ च्या आवृत्तीत युरोपीय संघात असे २४२ प्रदेश होते, २०२४ च्या आवृत्तीत २४४ आहेत. वाढ दोनाचीच दिसते, पण तेवढ्यात पोर्तुगालमधल्या लिस्बन महानगराचे दोन तुकडे झालेत. त्याआधी २०१६ च्या आवृत्तीत बुडापेस्ट शहर आजूबाजूच्या पेश्त परगण्यापासून वेगळं निघालं, वॉर्सा परिसर उरलेल्या माझोव्येत्स्की प्रांतापासून सुटला, लिथुआनियाचे एकाचे दोन आणि आयर्लंडचे दोनाचे तीन प्रदेश झाले. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाल्यावर ठाण्याच्या जुन्या-नव्या आकड्यांची जी गत झाली, तीच इथे दर काही वर्षांनी होते.

प्रदेशाचा कोड बदलला की दोन तक्ते जोडताना त्या ओळी काही न सांगता गळून पडतात. संगणक चूक दाखवत नाही, फक्त प्रदेश कमी होतात. म्हणून प्रत्येक जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजायच्या, देशवार मोजायच्या. ग्रीसचा कोड युरोस्टॅटमध्ये ‘ईएल’ असतो आणि बाहेरच्या बहुतेक तक्त्यांत ‘जीआर’. अख्खा देश गायब होण्याचं हे नेहमीचं कारण. मी एकच आवृत्ती पक्की करतो आणि जुनं सगळं तिच्यात बसवतो. नुसतं विभाजन झालं असेल तर जुन्या वर्षांसाठी मोठा प्रदेशच ठेवावा लागतो. सीमा नव्याने आखली असेल तर तिसऱ्या पातळीवर उतरून बेरीज करायची. अंश आणि छेद वेगवेगळे बेरजेला घ्यायचे, दरांची सरासरी काढायची नाही.

त्यानंतर खुणा. युरोस्टॅटच्या आकड्याला चिकटून एखादं अक्षर येतं: ‘बी’ म्हणजे मालिकेत खंड, ‘यू’ म्हणजे कमी विश्वासार्ह, ‘पी’ म्हणजे तात्पुरता. नुसतं विसर्गासारखं चिन्ह म्हणजे आकडा उपलब्ध नाही. अक्षर आणि आकडा वेगळे केले नाहीत तर सगळा स्तंभ मजकूर समजला जातो. रिकाम्या जागी शून्य भरलं तर निकालच खोटा ठरतो. खुणा फेकून देऊ नयेत, शेजारच्या स्तंभात ठेवाव्यात. २०२१ पासून श्रमशक्ती पाहणीचे नियम बदलले, त्यामुळे २०२० आणि २०२१ च्या रोजगार आकड्यांची तुलना करताना ‘बी’ पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

विषमतेत पहिला निर्णय वजनाचा. फिनलंडचा ओलांड हा जेमतेम तीस हजार लोकांचा द्वीपसमूह दुसऱ्या पातळीवरचा स्वतंत्र प्रदेश आहे, आणि पॅरिससह सव्वा कोटीच्या आसपास लोकसंख्येचा ईल-द-फ्रान्सही एकच प्रदेश. वजन न देता गिनी गुणांक (विषमतेचं ० ते १ मधलं माप) काढला तर दोघांना सारखंच मत मिळतं. लोकसंख्येचं वजन द्यायलाच हवं. गिनीपेक्षा मला थाइल निर्देशांक जास्त उपयोगी पडतो: प्रत्येक प्रदेशाचा उत्पन्नातला वाटा भागिले लोकसंख्येतला वाटा, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, त्याला उत्पन्नाच्या वाट्याने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज. याचे देशादेशांमधली विषमता आणि देशांतर्गत विषमता असे दोन नेमके भाग पडतात. हे विभाजन केल्याशिवाय पूर्व युरोप कळत नाही. वॉर्सा, बुखारेस्ट, ब्रातिस्लाव्हा पुढे गेल्याने त्यांचे देश पश्चिमेच्या जवळ आले. त्याच वाढीने देशांच्या आत अंतर वाढवलं. एकत्रित आकड्यात हे दोन्ही एकमेकांना झाकतात.

दुसरा निर्णय, कोणतं उत्पन्न घ्यायचं. जीडीपी जिथे काम होतं तिथे मोजला जातो, माणसं जिथे राहतात तिथे मोजली जातात. ब्रसेल्समध्ये रोज बाहेरून लाखो लोक कामाला येतात. त्यांचं उत्पादन अंशात येतं, ते स्वतः छेदात नसतात. म्हणून ब्रसेल्सचा दरडोई जीडीपी संघाच्या सरासरीच्या खूप वर दिसतो, पण तिथल्या कुटुंबांचं दरडोई खर्चयोग्य उत्पन्न बेल्जियमच्या सरासरीपेक्षाही कमी आहे. लोकांच्या राहणीमानातली विषमता मोजायची असेल तर कुटुंबांच्या उत्पन्नाचाच तक्ता घ्यावा. क्रयशक्तीची दुरुस्तीही, म्हणजे महाग-स्वस्ताचा फरक काढून टाकणं, देशपातळीवरच्या किमतींनी होते, त्यामुळे महाग राजधानी प्रत्यक्षाहून श्रीमंत दिसते. ही मर्यादा निकालाशेजारीच लिहावी, तळटीपेत नव्हे.

सावरण्याची क्षमता मोजणं सगळ्यात अवघड. केंब्रिजचे आर्थिक भूगोलतज्ज्ञ रॉन मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेली पद्धत आधाराला घेतली. प्रदेशातला बदल वजा देशातला बदल, भागिले देशातल्या बदलाचं निरपेक्ष मूल्य. समजा देशाचा रोजगार ८ टक्के घटला आणि प्रदेशाचा १२ टक्के, तर उत्तर उणे ०.५. पण देश फक्त ०.२ टक्के घटला आणि प्रदेश १.२ टक्के, तर उत्तर उणे ५. प्रदेशाची घट दहापटीने कमी, आणि गुण दहापट वाईट! छेद शून्याजवळ आला की हे होणारच. २००९ च्या जागतिक मंदीतही पोलंडचा जीडीपी वाढतच होता. तिथे ‘प्रतिकार’, म्हणजे प्रदेशाने धक्का किती झेलला ते, मोजायला धक्काच नव्हता. अशा देशांसाठी मी भागाकार सोडून नुसती वजाबाकी, टक्केबिंदूंमध्ये, ठेवतो.

सगळ्यांना एकच कालखंड लावणंही चूक आहे. जर्मनी २०११ पर्यंत जुन्या पातळीच्या पुढे गेला होता, ग्रीस २०१९ मध्येही २००८ च्या बराच खाली होता. प्रत्येक देशाचं शिखर आणि तळ वेगळं शोधायचं: शिखर ते तळ हा प्रतिकार, तळापासून पुढची ठरावीक वर्षं ही भरपाई.

मोजायचं काय, तेही तितकंच महत्त्वाचं. रोजगार दर घेतला तर तरुण बाहेर गेले तरी दर सुधारलेला दिसतो, कारण छेद आटतो. म्हणून एकूण रोजगारसंख्या घ्यावी. पण जर्मनीत २००९ मध्ये जीडीपी ५ टक्क्यांहून जास्त घटूनही रोजगार जवळपास स्थिर राहिला, कारण कामाचे तास कमी करून सरकारने बुडालेल्या पगाराचा काही भार उचलला. तिथे धक्का तासांत दिसतो, माणसांच्या संख्येत नाही. आणि आयर्लंडमध्ये जीडीपी घेऊच नये. २०१५ मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांची बौद्धिक संपदा देशाच्या हिशेबात आल्यावर एका वर्षात २६ टक्के वाढ जाहीर झाली होती. तिथल्या कॉर्क शहराच्या रस्त्यावर तसं काही घडलं नव्हतं.

उद्योगांची रचना हा शेवटचा टप्पा. बांधकामावर उभा असलेला किनारी प्रदेश जास्त पडला, तर तो कमकुवत की त्याच्या वाट्याला तेच क्षेत्र आलं? प्रत्येक क्षेत्र देशाच्या गतीने घटलं असतं तर प्रदेश किती घटला असता, तो अपेक्षित आकडा काढायचा आणि प्रत्यक्षाची तुलना त्याच्याशी करायची.

स्पर्धात्मकतेसाठी नवा निर्देशांक बांधण्याऐवजी युरोपीय आयोगाचा प्रादेशिक स्पर्धात्मकता निर्देशांक आधी उलगडून पाहावा. २०२२ च्या आवृत्तीत ११ स्तंभ (इथे स्तंभ म्हणजे तक्त्याचा रकाना नव्हे, विषय), ६८ निर्देशक आणि २३४ प्रदेश आहेत. नेदरलंड्सचा उट्रेख्ट पहिला आहे. प्रदेशांची संख्या कमी आहे, कारण व्हिएन्ना, ब्रसेल्स, प्राग यांसारख्या शहरांना त्यांच्या ये-जा करणाऱ्या परिसरासह एकत्र केलंय. म्हणून हा तक्ता विषमतेच्या तक्त्याला थेट जोडता येत नाही; आधी तिकडेही तेच प्रदेश एकत्र करावे लागतात. समष्टी आर्थिक स्थैर्याचा, म्हणजे देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेच्या स्थैर्याचा, स्तंभ फक्त देशपातळीवरचा असतो, तेव्हा एकाच देशातल्या प्रदेशांची तुलना करताना तो बाजूला काढावा. प्रदेशाच्या विकासाच्या टप्प्यानुसार स्तंभांच्या गटांची वजनंही बदलतात. टप्प्याच्या सीमेवरचा प्रदेश थोडा श्रीमंत झाला तर त्याला लागणारी वजनंही बदलतात. सगळी वजनं समान धरून, मग एकेक स्तंभ वगळून क्रमवारी पुन्हा काढायची. मी निकालात एक क्रमांक देत नाही. प्रत्येक प्रदेशापुढे या सगळ्या फेऱ्यांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा क्रमांक लिहितो.