मातीला चालतो

"आज डोळ्यांची आखणी नको, हात थकलाय," पेणच्या कारखान्यातले काका म्हणाले आणि ब्रश बाजूला ठेवून शाडू मळायला बसले. रंगून तयार गणपती रांगेत, डोळे कोरे.

"मग आज सुट्टीच घ्या ना काका."

"सुट्टी कशाला? मातीला थकलेला हात चालतो. डोळ्यांना नाही चालत."

या धंद्याने काय कमी अनिश्चितता बघितली? २०२० मध्ये घरगुती मूर्तीला दोन फूट, मंडळाच्या मूर्तीला चार फूट अशी मर्यादा आली. मग पीओपीबंदीचा घोळ, कोर्ट. २०२५ च्या जूनमध्ये, सीझन तोंडावर आल्यावर, पीओपीच्या मूर्ती बनवायला मुभा. तोवर साचे भरायचे की नाही, कोणालाच ठाऊक नाही!

आणि आम्ही चित्रवाले. एआय कामं खाईल या धास्तीने रोज काहीतरी पोस्ट करतोय. थकल्यावर तर जास्तच.

आमच्या कामातही 'माती' असतेच की: कागद ताणणं, कॅनव्हासला प्रायमर मारणं, नुसते रंगांचे पट्टे ओढून बघणं. पण त्याची रील होत नाही, म्हणून ते कामात धरायचंच नाही असं ठरलंय बहुतेक.

चित्रकार मंडळी, दमल्यावर तुम्ही काय हातात घेता? (मोबाईल सोडून सांगा.)