परातीत उरलेली बाजरी

खारीची भीती तिनं टाकून दिलेल्या दाण्यांत मोजता येते. जोएल ब्राउन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९८८ साली ही पद्धत मांडली. खान्देशात ती कुठल्याही वावराच्या बांधावर करता येईल.

वाळूत मिसळलेले दाणे सुरुवातीला भराभर सापडतात, मग एकेका दाण्यासाठी बराच वेळ उकरावं लागतं. पुढचा दाणा जीव धोक्यात घालण्याइतका मोलाचा राहिला नाही की जनावर उठून जातं. जिथं धोका जास्त, तिथं उरलेले दाणे जास्त. वाळू न घालता नुसती बाजरी ठेवली तर शेवटचा दाणाही पहिल्याइतकाच सोपा. सगळं साफ होतं आणि काहीच कळत नाही.

हातभर रुंदीच्या दोन सारख्या पराती घ्या. बाजरी अडकेल अशा बारीक चाळणीतून वाळू आधी गाळून ठेवा, म्हणजे नंतर चाळताना वर फक्त दाणेच राहतील. प्रत्येक परातीत ३ लिटर कोरडी वाळू आणि मोजून ५ ग्रॅम बाजरी. एक परात बोरीच्या किंवा बाभळीच्या झुडपाखाली, दुसरी तिथून ४-५ मीटरवर उघड्यावर. पहिले चार-पाच दिवस मोजायचे नाहीत; जनावराला परातीची सवय होऊ द्यायची. खारीसाठी सकाळी मांडून सूर्यास्ताआधी उचला, उंदरांसाठी रात्रभर ठेवा. उरलेली बाजरी सोनाराच्या काट्यावर तोला. जळगाव भागात तो मिळायला अडचण नाही.

फसतं ते बहुतेक मुंग्यांमुळे. परातीकडे मुंग्यांची रांग दिसली तर त्या दिवसाचं वजन धरूच नका. थंडीत दव पडून दाणे फुगतात, म्हणून वाळवूनच तोलायचे. वाळूचा वरचा थर हातानं सपाट करून ठेवला की खार आली होती की होले, ते पावलांवरून समजतं.

आता खरी गंमत. आकाशात शिक्रा असेल तर खारीला झुडूप म्हणजे आसरा. त्याच झुडपात साप दबा धरून असला तर तिथंच मरण. इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटातल्या उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे: घुबडं त्यांना झुडपाकडे ढकलतात, साप उघड्यावर. म्हणून ‘झाडी म्हणजे सुरक्षित’ असं सरसकट धरणं मला चूक वाटतं. रोहीचंही (नीलगायीचंही) तसंच. लांडगा मोकळ्या माळावर लांबूनच दिसतो; बिबट्याला मात्र लपून जवळ यायचं असतं आणि यावल-रावेरची दाट केळी त्याला सोयीची पडते. रोही घास तोडून मान वर करते आणि चावता चावता चारी बाजू बघते. चावणं आणि पाहणं एकत्र जमतं. घास तोडताना मात्र डोकं खालीच जातं आणि धोका तिथंच असतो.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की रोहीला दुपारी चरणं अवघड. खाणं-पिणं संध्याकाळ-रात्रीवर ढकललं जातं, म्हणजे नेमकं बिबट्याच्या वेळेवर.

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर प्राणिगणना होते, कारण चांदण्यात माणसाला दिसतं. तसंच शिकारी जनावरालाही दिसतं. सायाळ चांदणं टाळते, हे नेगेवमध्येच आपल्याकडच्याच जातीच्या सायाळीवर केलेल्या अभ्यासात नोंदलं गेलं आहे. त्या रात्री ती दिसली नाही म्हणून ‘नाही’ असं लिहू नये. अमावस्येनंतरच्या सकाळी त्याच पाणवठ्याच्या ओल्या मातीत ठसे आणि वाटेवर गळलेले काटे शोधावेत.