मुलांच्या बागेत 'हिरवळीवर चालू नये'

आमच्या सोसायटीत मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीशेजारी, एक लांबट पट्टा वर्षानुवर्षं पडीक होता. यंदा कमिटीने तिथे मुलांची बाग करायचं ठरवलं आणि एका लॅंडस्केपवाल्याकडून झाडांची यादी मागवली. सायकस, क्रोटन, डिफेनबेकिया, कुंपणाला पिवळी कण्हेर आणि मधोमध कोरियन लॉन. लॉनसाठी पाटीसुद्धा धरली होती: 'हिरवळीवर चालू नये.' मुलांच्या बागेत! बीएस्सीला बॉटनी होतं या एका पुण्याईवर सोसायटीतलं झाडांचं सगळं माझ्याकडे येतं, तशी ही यादीही "जरा नजर टाका" म्हणून आली.

आधी मी काट मारायला बसले. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी. "आम्ही बिट्ट्यांनी खेळूनच मोठे झालो, काही झालं नाही," असं चेअरमन काका म्हणाले. खरंय, मीही खेळले आहे. पण त्या बीतलं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं आणि दोन वर्षांचं मूल बिट्टीने खेळत नाही, ती तोंडात घालतं. डिफेनबेकियाच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं की जीभ सुजते, घसा पेटतो. सायकसच्या बियाही विषारी. कुंपणाला मोगली एरंड लावा, गुरं खात नाहीत, असंही कोणीतरी सुचवलं. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून तर शाळेच्या आवाराजवळची पोरं त्या खाऊन उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात गेल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. तेही बाद.

पण विषारी ते सगळं उपटा, असं माझं म्हणणं नाही. तसं धरलं तर सदाफुलीही जाईल, आणि तिच्यातूनच मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं व्हिन्क्रिस्टिन मिळतं. गुलबक्षीच्या काळ्या मिऱ्यासारख्या बियाही खायच्या नसतात, तरी ती मी ठेवली. चार वाजता खेळायला उतरलेल्या पोरांच्या डोळ्यांदेखत उमलणारं दुसरं झाड कुठून आणू? फक्त तिला कुंपणापलीकडे लावलं, रांगत्या-चालत्या पिल्लांचा हात पोचणार नाही अशी. मोठ्या मुलांना नियम एकच: विचारल्याशिवाय तोंडात काही नाही.

आता लावायचं काय? माझी कसोटी साधी आहे. मुलाला त्या झाडाशी काहीतरी करता आलं पाहिजे. नुसतं बघायला लावलेल्या झाडाकडे मुलं बघतसुद्धा नाहीत.

म्हणून पहिला मान तेरड्याला. पावसाच्या सुरुवातीला बी फेकलं की श्रावणात फुलं, आणि गौरी-गणपतीच्या सुमारास खाली लवदार, फिकट हिरव्या बोंडांची गर्दी. बोंड चांगलं टरारलं की दोन बोटांनी नुसतं दाबायचं. फट् करून फुटतं, त्याच्या पाकळ्या बोटावर अळीसारख्या वळतात आणि बी कुठच्या कुठे उडतं. ज्याला पहिल्यांदा कळतं तो दचकतो, मग उरलेली सगळी बोंडं तोच फोडतो. फोडू दे. पुढच्या वर्षीची पेरणी तिथल्या तिथे होते.

चार वर्षांच्या मुलाला धीर नसतो. पेरलेलं बी तो दुसऱ्या दिवशी उकरून बघणारच. त्याला मेथी आणि मुळा द्यावा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येतात. मुळा महिना-सव्वा महिन्यात ओढून काढता येतो. खायला कोणी तयार नसतं, पण ओढायला भांडणं होतात. जरा मोठ्यांसाठी भुईमूग. पिवळं फूल वर, शेंग जमिनीत, हे गणित त्यांना पटतच नाही. मग फूल गळल्यावर खाली वाकणारी आरी, म्हणजे टोकाला शेंग धरणारा देठ, दाखवायची, ती मातीत शिरलेली दाखवायची आणि गप्प बसायचं.

सगळ्यात मोठा वाद झाला कढीपत्त्यावरून. पावसाळ्यात त्याच्यावर फुलपाखराच्या अळ्या आल्या. आधी पक्ष्याची विष्ठा पडल्यासारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्यागार. त्यांना काडीने हलकं डिवचलं की डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर येतं आणि कुजक्या लिंबासारखा वास सुटतो. पोरं तासन् तास तिथेच. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना मात्र फोडणीला पानं हवी होती आणि औषध फवारायचं होतं. शेवटी कढीपत्ते दोन झाले, एक फोडणीचा, एक अळ्यांचा. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, 2015 साली जाहीर झालेलं, तेही कढीपत्ता ज्या लिंबाच्या घराण्यातला, त्याच घराण्यातल्या झाडांवर अंडी घालतं, म्हणून शेजारी एक ईडलिंबूही लावलं आहे. काट्यांमुळे ते अगदी कोपऱ्यात. अजून ब्लू मॉरमॉन काही फिरकलेलं नाही, साधी लिंबावरची फुलपाखरं मात्र येतात.

तुतीची फांदी खोचली की जगते आणि छाटली की नव्या फुटीवर पुन्हा फळं धरते. शाळेच्या पांढऱ्या शर्टावरचे जांभळे डाग काही केल्या निघत नाहीत, अशी तक्रार तीन मजल्यांवरून आली. मी ती ऐकून घेतली, झाड तिथेच आहे. पानओव्याला काही म्हणजे काही करावं लागत नाही आणि भजी होतात. लाजाळू फक्त कुंडीत. जमिनीत सोडली तर काटे घेऊन पसरते. आंबुशी आपोआप उगवते. माळीदादा तण म्हणून उपटायला निघाले होते, त्यांना थांबवलं. आंबट पानं चघळायला पोरांना तेवढंच.

लॉन झालंच नाही. त्या जागी नुसती माती आहे, उकरायला. पालक अजून विचारतात, इथे काय लावणार?

सध्या सावलीच्या झाडावर खल चालू आहे. कमिटीला शेवगा हवाय, कारण भराभर वाढतो. पण शेवग्याची फांदी ठिसूळ, मूल चढलं की कडाड्. शिवाय पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात, अंगाला लागले की खाज सुटते. माझं मत पेरूला. बुंधा गुळगुळीत, फांदी चिवट, ओझ्याने वाकते पण सहजी मोडत नाही. आणि रोप बियांपासूनचंच आणायचं. कलम लवकर फळतं, पण ठेंगणं राहतं, मग पोरांनी चढायचं कशावर? फळाला दोन-तीन वर्षं जास्त लागली तर लागू देत. मीटिंग रविवारी आहे आणि चेअरमन काका अजून शेवग्याच्याच बाजूने आहेत, आमटीसाठी.